पिशवीत नसलेला कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



मी मानखुर्दला राहतो. हार्बर मार्गावरची गाडी खाडीपुलावर चढून वाशीकडे जाण्याआधी मुंबईचं जे शेवटचं स्टेशन लागतं, ते आमचं. हा पूल १९९२ मध्ये सुरू झाला. त्याआधी गाडी मानखुर्दलाच संपायची, आणि मुंबईही इथंच संपते असं लोक चेष्टेनं म्हणायचे. म्हातारपण, घर आणि कागदपत्रं या विषयावर बोलायला मला सांगितलं आहे. मी वकील नाही, साधा बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. आज जे सांगणार आहे ते आमच्या घरात घडलेलं आहे, आणि घडून गेल्यावर वकिलांकडे, मौलानांकडे, वाचनालयात हेलपाटे घालून मी समजून घेतलेलं आहे. आधी समजून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या वस्तीत प्रत्येक घरात एक पिशवी असते. बहुतेक प्लॅस्टिकची, कपड्याच्या दुकानातली, चांगल्यापैकी जाड. ती खिळ्याला किंवा ट्रंकेत असते. तिच्यात रेशनकार्ड, फोटोपास, जुनी लाइटबिलं, मतदारयादीची झेरॉक्स आणि ज्यांचं नशीब थोर त्यांच्याकडे १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची चिठ्ठी. आमच्या पलीकडे चिता कॅम्प आहे. १९७६ च्या मे महिन्यात ट्रॉम्बेची जनता कॉलनी उठवून माणसं तिथं नेऊन ठेवली. तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, सोनं कुठं आहे हे चटकन आठवणार नाही, पिशवी कुठं आहे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

आमच्या अब्बांची पिशवी निळी होती. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला त्या दिवशी, आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी शिरलं. अब्बांनी पहिल्यांदा पिशवी पोटमाळ्यावर ठेवली आणि मग अम्माला हात दिला. हे अम्मानं पुढं आयुष्यभर सगळ्यांना ऐकवलं. पण अब्बांचं म्हणणं असं, की बाई भिजली तर वाळते, कागद भिजला तर सरकार ओळखत नाही.

त्या पिशवीत आपण कोण, कधीपासून इथं राहतो, याचा एकूण एक पुरावा होता. आपल्या मागं कुणाला काय मिळावं, हे सांगणारा कागद मात्र नव्हता.

आम्ही मूळचे दापोली तालुक्यातले. घरात कोकणी, शाळेत मराठी, नमाजात अरबी, असं आमचं चाललेलं. अब्बा गोदीत होते. आम्ही तीन भाऊ आणि एक बहीण. थोरला भाई, मग आपा, मग मधला भाऊ आणि धाकटा मी. मधला भाऊ २००३ मध्ये काविळीनं गेला. त्याच्यामागं भाभी आणि दोन लेकरं राहिली, मुलगी सात वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. भाभी आमच्याकडेच राहिली. दिवसभर साड्यांना फॉल लावायची.

२००८ सालच्या बकरी ईदच्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर अब्बा आम्हा दोघा भावांना म्हणाले, "माझ्यामागं या दोन पोरांना तिसरा हिस्सा द्या. आपल्यात त्यांना वाटा येत नाही, म्हणून मी देतोय." शेजारचे एक चाचा तिथं बसलेले होते. भाई म्हणाला, "अब्बा, तुम्ही असं का बोलता?" आणि विषय संपला. आपल्याकडे वडीलधारं माणूस मरणाबद्दल बोलायला लागलं की आपण त्याला गप्प करतो. त्यात प्रेमही असतं आणि सोयही.

पुढच्याच फेब्रुवारीत अब्बा गेले. ते चाचा त्याच्या आधी गावी जाऊन वारले होते.

चाळिसाव्यानंतर मौलानांना बसवून हिशेब केला. हा हिशेब मी तुम्हाला सांगतो, कारण मुसलमान श्रोत्यांपैकीही पुष्कळांना तो नेमका ठाऊक नसतो, आणि इतरांना वाटतं की तो फार गूढ आहे. मुस्लिम कायद्यात माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या मालमत्तेत कुणाचाही जन्मसिद्ध हक्क नसतो. तो गेल्यावर आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत, आणि उरलं ते वारसांचं. मुलंबाळं असतील तर विधवेला आठवा हिस्सा. बाकीचं मुलांत, मुलाला दोन तर मुलीला एक या प्रमाणात. आमच्या घरी चाळीस भाग धरले. अम्माला पाच, भाईला चौदा, मला चौदा, आपाला सात. आमची खोली दहा बाय पंधराची. दीडशे चौरस फुटांत आपाचे सात भाग म्हणजे सव्वीस चौरस फूट आणि वर थोडं, एक चटई अंथरावी एवढं.

आणि मेलेल्या भावाच्या लेकरांना शून्य. मुलगा बापाआधी गेला आणि दुसरे मुलगे हयात असले, की त्याच्या लेकरांना आजोबांच्या मालमत्तेत वाटा येत नाही.

मौलाना सरळ माणूस होते. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, वाटणीच्या वेळी अनाथ आणि गरीब नातलग हजर असतील तर त्यांनाही त्यातून काही द्यावं आणि त्यांच्याशी चांगलं बोलावं, असं कुराणातच सुरा निसामध्ये आहे, याची आठवण दिली. आणि दुसरं, त्यांनी विचारलं, "मरहूमनी काही वसियत केली होती का?"

भाई म्हणाला, "लिहिलेलं काही नाही."

हे खरंच होतं. मौलानांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाचा कप उचलला.

श्रोतेहो, मुसलमानाची वसियत तोंडी असली तरी कायद्यानं चालते. ती लिहिलेलीच हवी, त्यावर सहीच हवी, असं बंधन नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधलं मृत्युपत्राचं प्रकरण, म्हणजे मृत्युपत्र लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत वगैरे, मुसलमानांना लागू नाही. मुंबईत हिंदूंच्या मृत्युपत्रांना वर्षानुवर्षं प्रोबेटची सक्ती होती, तीही मुसलमानांना कधी नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. पण त्या दिवशी ते माहीत असतं तरी मी बोललो असतो का? मी तेव्हा भाड्याच्या खोलीत राहत होतो. मुलीच्या शाळेची फी थकलेली होती. मी यतिमांवर कविता लिहिलेल्या होत्या, त्यांतली एक तर एका दिवाळी अंकात आलेली होती.

वीसेक दिवसांनी भाभी लेकरांना घेऊन माहेरी मुंब्र्याला गेली. कुणी तिला जा म्हटलं नाही. राहा असंही कुणी म्हटलं नाही.

आता वसियतीचा नियम काय, तो सांगतो. मुसलमानाला आपल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच वसियत करता येते. त्याहून जास्त करायची असेल, किंवा जो वारस आहेच त्यालाच आणखी द्यायचं असेल, तर इतर वारसांची संमती लागते. म्हणजे एखाद्या मुलावर खूश होऊन सगळं त्याच्या नावावर लिहून ठेवता येत नाही, आणि कुणावर रागावून त्याला वाऱ्यावरही सोडता येत नाही. मला हा नियम आवडतो. तिसरा हिस्सा मोकळा ठेवला आहे तो कशासाठी? ज्यांना कायदा विसरला त्यांच्यासाठी. अनाथ नातवंडं, मुलाची विधवा, आयुष्यभर सेवा केलेली एखादी लांबची बहीण, कुणी परधर्मीय मित्रसुद्धा.

नातवंडांचा हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही. इजिप्तनं १९४६ च्या कायद्यात तरतूद केली, की आजोबांनी वसियत केली नसली तरी अशा नातवंडांसाठी तृतीयांशाच्या मर्यादेत ती केली असंच धरायचं. पाकिस्ताननं १९६१ मध्ये त्यांना सरळ बापाच्या जागी उभं केलं, आणि तोच कायदा पुढं बांगलादेशाकडे आला. आपल्याकडे १९३७ चा शरियत अधिनियम आहे, त्यात याबद्दल काही नाही. म्हणजे भारतातल्या मुसलमान आजोबाच्या हातात एकच गोष्ट उरते, आपला तिसरा हिस्सा. आणि तो वापरायला वकीलही लागत नाही, एक कोरा कागद पुरतो.

आमच्याकडे तो कागद असता तर काय झालं असतं? चाळीसऐवजी साठ भाग धरा. वीस त्या दोन लेकरांचे. उरलेल्या चाळिसात अम्माचे पाच, आम्हा भावांचे चौदा-चौदा, आपाचे सात. आता हेच साठ भाग वसियत नसताना वाटा. अम्माला साडेसात, भाईला एकवीस, मला एकवीस, आपाला साडेदहा. म्हणजे माझ्याकडे सात भाग जास्त आले. त्या वीसातले सात. हे गणित मी पहिल्यांदा केलं ते रात्री, मुलीच्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर, आणि सकाळी ते पान फाडून टाकलं. पण सात हा आकडा काही फाडता येत नाही.

पुढं आमच्या ओळीवर पुनर्वसनाची योजना आली. भाईनं माझा वाटा पैशांत दिला. त्यात भर घालून मी मानखुर्दलाच खोली घेतली. भाईला २६९ चौरस फुटांचं घर मिळालं. पुनर्वसनाचं घर नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचं असा नियम आहे, त्याप्रमाणे ते भाई आणि मोठ्या भाभीच्या नावे झालं. हा नियम फार चांगला आहे. ज्यांच्याकडे असं घर आहे त्यांनी आपलं कागदपत्र काढून बघावं, बायकोचं नाव नीट लिहिलं आहे ना. मी पाहिलेल्या एका कागदावर बाईच्या जागी सासूचं नाव होतं, आणि सासूला जाऊन सहा वर्षं झाली होती.

आता थोडं इतरांविषयी, कारण कार्यक्रम सगळ्यांचा आहे. हिंदू माणसाला स्वतः कमावलेली मालमत्ता मृत्युपत्रानं कुणालाही देता येते, अगदी सगळी. त्याला तृतीयांशाचं कुंपण नाही, म्हणून त्यानं जास्त जपून लिहायला हवं. साक्षीदार दोन, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला किंवा त्याच्या जोडीदाराला साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नाही, स्टॅम्प ड्यूटी लागत नाही. तरी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं बरं, आणि वय फार झालं असेल तर डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. मूलबाळ नसलेल्या विधवांना एक विशेष सांगणं आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता अशी बाई गेली, तर तिनं नोकरी करून घेतलेलं घरसुद्धा आधी नवऱ्याच्या वारसांकडे जातं. माहेरच्यांचा नंबर नंतर. ज्या भाचीनं शेवटी पाणी पाजलं तिला काही मिळायचं असेल तर लिहून ठेवलंच पाहिजे. शेजारच्या गोव्यात वेगळीच रीत आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे तिथं हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सगळ्यांनाच मुलंबाळं असतील तर आपल्या निम्म्या हिश्शापलीकडे मृत्युपत्र करता येत नाही. आणि ज्या मुसलमानानं विशेष विवाह कायद्याखाली लग्न नोंदवलं, त्याच्या मालमत्तेला १९२५ चा अधिनियम लागतो, हेही पुष्कळांना माहीत नसतं.

नॉमिनीचं एक सांगतो. आमच्या भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचा हिशेब, गॅस कधी आला, रमजान कधी लागतो, सगळं त्याच्यावर. ते ज्यांनी १९७३ मध्ये सुरू केलं त्या जयंतराव साळगावकरांच्या गुंतवणुकीवरून निघालेला एक खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. साळगावकरांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केलं होतं, २०१३ मध्ये ते गेले. प्रश्न असा होता, की शेअर आणि म्युच्युअल फंडावर ज्यांचं नाव नॉमिनी म्हणून घातलं आहे ते मालक होतात की काय? १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयानं सांगितलं, होत नाहीत. नॉमिनी म्हणजे कंपनीनं कुणाच्या हातात द्यायचं एवढंच. मालकी मृत्युपत्रानं किंवा वारसा कायद्यानं ठरते. सोसायटीतल्या घराचंही मूळ तत्त्व हेच. ज्या माणसानं घराघरांत पंचांग पोचवलं, ज्यानं मृत्युपत्रही करून ठेवलं होतं, त्याच्या मागंही दहा वर्षं हा प्रश्न न्यायालयात फिरला. मग "पासबुकावर मुलाचं नाव घातलंय, झालं काम" म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांचं काय? नॉमिनी अवश्य नेमा, त्यानं पैसे लवकर सुटतात. नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनीसुद्धा नेमता येतात. पण त्याला मृत्युपत्र समजू नका.

दुसरी चूक याच्या उलट असते. जिवंतपणीच सगळं देऊन टाकायचं. हिंदूंत बक्षीसपत्र, आमच्यात हिबा. हिबाला तीन गोष्टी लागतात. दिलं असं म्हणणं, घेतलं असं म्हणणं, आणि ताबा. तो तोंडीही होतो, आणि तृतीयांशाची मर्यादा त्याला नाही. बायकोला आठव्या हिश्शापेक्षा जास्त आधार द्यायचा असेल तर हिबा हा सरळ मार्ग आहे. पण राहतं घर मुलाच्या हवाली करण्याआधी दहा वेळा विचार करा. आमच्या इमारतीत एक आजोबा आहेत, त्यांनी घर मुलाच्या नावे केलं. आता ते स्वतःच्याच घरी पॅसेजमध्ये झोपतात, आणि कुणी विचारलं तर म्हणतात, "मला पॅसेजमध्ये वारा बरा लागतो."

अशांसाठी २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे. तो सर्व धर्मांना लागू आहे. प्रांताधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढं न्यायाधिकरण चालतं, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळू शकतो. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानुसार, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, मुलगा सांभाळत नसेल तर, परत घेता येतं. पण अटीवर दिलेलं, हा शब्द ध्यानात ठेवा. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं प्रेमापोटी दिलं असेल तर हे कलम लागत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र त्याच न्यायालयानं रद्द केलं. तिथं मुलानं त्याच दिवशी आईला सांभाळण्याचं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. तेव्हा द्यायचंच असेल तर अट लिहून घ्या. पोटच्या मुलाकडून लिहून घ्यायला लाज वाटते, मला कळतं. मात्र सून नकोशी झाली म्हणून तिला घराबाहेर काढायला हा कायदा वापरता येणार नाही, हेही न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये बजावलं आहे. ज्येष्ठांसाठी सरकारचा १४५६७ हा फोन आहे, तिथं विचारता येतं.

मुखत्यारपत्राबद्दल एवढंच, की ज्यानं दिलं तो गेला की ते संपतं. बुद्धी गेली तरी संपतं. अंत्यविधीनंतर मुखत्यारपत्र घेऊन बँकेत जाऊ नका. आणि शेवटच्या आजारपणात आपल्याला यंत्रांवर किती दिवस ठेवावं, हेही आता लिहून ठेवता येतं. केईएममधल्या अरुणा शानबाग बेचाळीस वर्षं कॉटवर होत्या, त्यांच्या खटल्यापासून हा विषय आपल्यापुढं आला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं असा लेख मान्य केला, २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढं पुरतं.

मी परत आमच्या घरी येतो.

२०१४ मध्ये एकदा अम्मा माझ्याकडे राहायला आली होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्या ईदच्या रात्री तुझे अब्बा बोलले ते मी पण ऐकलं होतं. मी पडद्याआड भांडी लावत होते. मला कुणी विचारलंच नाही." मी म्हटलं, "तू मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "मला वाटलं तू बोलशील. तू लिहितोस ना."

त्याच आठवड्यात तिनं आपली वसियत केली. तिच्याकडे चार बांगड्या आणि कानातलं होतं. मी लिहून घेतलं, तिनं अंगठा दिला, दोन शेजाऱ्यांनी सह्या केल्या. मेलेल्या मुलाची लेकरं तिचीही वारस नव्हती, म्हणून त्यांना तिसऱ्या हिश्शापर्यंत देता येत होतं. एक बांगडी आणि कानातलं त्यांच्या नावे केलं. २०१६ मध्ये ती गेली. भाईनं सोनाराकडे वजन करवलं, तिसऱ्या हिश्शाच्या आत बसलं. तो एक शब्द बोलला नाही. मग आपानं आपल्या वाट्याला आलेलं सोनंही भाचीच्या हातात ठेवलं.

आपाचा विषय निघाला म्हणून तेही सांगतो. गावच्या जमिनीच्या सातबारावरून तिचं नाव आम्ही २०११ मध्ये कमी केलं. हक्कसोडपत्र. तिला विचारलं नाही, सही कुठं करायची ते दाखवलं. संध्याकाळी मटण केलं, साडी दिली. माझे हिंदू मित्रही असंच करतात, साडीचोळीवर बहिणीचा जन्माचा हिस्सा मिटवतात. या बाबतीत आमच्यात चांगलाच एकोपा आहे. आपाला विधवा होऊन आता चार वर्षं झाली. त्या जमिनीचं मी अजून काही केलेलं नाही. भाई तयार नाही, हे खरं आहे, पण माझा अर्धा तर माझ्या हातात आहे.

पुतणी आता नर्स आहे, पुतण्या टेम्पो चालवतो. मुंब्र्याला भाड्यानं राहतात. गेल्या वर्षी मी माझी वसियत लिहायला बसलो आणि तिसरा हिस्सा या दोघांच्या नावे घातला. बायकोला वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते सात भाग तुम्ही देताय की फेडताय?" मी म्हटलं, "म्हणजे?" ती म्हणाली, "देत असाल तर वसियतीत लिहा. फेडत असाल तर मरायची वाट कशाला बघता? कर्ज वसियतीच्या आधी येतं, तुम्हीच सांगता ना सगळ्यांना." बरोबरच होतं. कुराणातली सगळ्यांत लांब आयत ही कर्ज कसं लिहून ठेवावं याबद्दलची आहे, हे मी भाषणांत नेहमी सांगतो.

आम्ही रक्कम काढली. तेव्हा हाती आलेल्या पैशांतली त्यांची किती, ते मांडलं. गेल्या सप्टेंबरपासून दर महिन्याच्या सात तारखेला पुतणीच्या खात्यावर पैसे जातात. पहिल्या महिन्यात तिचा फोन आला, "चाचा, हे कशाचे?" मी म्हटलं, "तुझ्या दादांनी ठेवलेत." ती जरा वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बरं." बायकोचं मेहर अजून द्यायचं राहिलं आहे, ते तिनं त्या यादीत स्वतःच दुसऱ्या नंबरला लिहिलं.

वसियतही ठेवली आहे, हप्ते पूर्ण व्हायच्या आत मी गेलो तर काय, यासाठी. आता दुय्यम निबंधकाकडे जायचं आहे. साक्षीदार दोन हवेत. एक शेजारचे निवृत्त शिक्षक तयार आहेत. दुसरा म्हणून मी मुलालाच विचारलं. वकील म्हणाले, बाहेरचा घ्या, पण मला तोच हवा होता. उद्या कुणी विचारलं, की मरहूमनी काही वसियत केली होती का, तर त्याला कप उचलता येऊ नये.

मुलगा चोवीस वर्षांचा आहे. मी सांगत होतो तेव्हा तो खाली बघून मोबाइलशी चाळा करत होता, काही बोलत नव्हता. ती शांतता माझ्या ओळखीची होती. मी थांबलो. मग त्यानं हात पुढं केला आणि म्हणाला, "आधी मला पूर्ण वाचू दे."

तो अजून वाचतो आहे. त्यात त्यानं पेन्सिलीनं दोन ठिकाणी खुणा केल्या आहेत, त्याबद्दल आम्हाला येत्या रविवारी बसायचं आहे.